वहीतून खोडलेली ओळ

इंदुताई सोमकुंवर यांची आणि माझी पहिली भेट झाली ती सौंसरच्या एका महाविद्यालयातल्या स्टाफरूममध्ये. बाराएक वर्षे झाली असतील. 'आजचा तरुण कुठे चालला आहे?' या विषयावर सव्वा तास बोलून मी नुकताच व्यासपीठावरून उतरलो होतो. ग्रीक नगरराज्यांपासून मोबाईलपर्यंत मी काहीही सोडले नव्हते. आजचा तरुण वाचत नाही, विचार करत नाही, त्याच्याजवळ स्वप्नच उरलेले नाही, असे मी छातीठोकपणे सांगितले होते. ज्यांच्याविषयी सांगत होतो तेच तरुण समोर बसून टाळ्या वाजवत होते. चहाचा कप माझ्या हाती आला आणि त्याच्यामागोमाग फिकट निळ्या सुती साडीतल्या, खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, आवाज मोठा दमदार आहे तुमचा. मागच्या भिंतीपर्यंत पोहोचत होता," त्या म्हणाल्या. "एक विचारू? इथं यायच्या आधी यांच्यापैकी कोणाशी बोलले होते का तुम्ही?"

"त्यात बोलायचं काय, ताई? दिसतंच आहे सगळं."

"बरं." त्या हसल्या. "मग रविवारी रामाकोन्याला या. तीन वाजता. बोलायचं नाही मात्र. वही घेऊन बसायचं."

मी गेलो, पण उत्सुकतेने नव्हे. मला अपमान झाल्यासारखे वाटले होते आणि माझेच म्हणणे खरे आहे हे त्या बाईंना दाखवून द्यायचे होते.

ताईंना न ओळखणारे वाचक त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाला फार लाभणार नाहीत, तरी नव्या पिढीसाठी थोडे सांगतो. ताईंनी सौंसर आणि पांढुर्णा या दोन्ही तालुक्यांतल्या शाळांमध्ये गणित शिकवले. वडील दुसऱ्यांच्या वावरात राबले आणि मुलीला शिकवले. निवृत्तीनंतर एका आरोग्य प्रकल्पाच्या निमित्ताने त्या गटचर्चेची एक पद्धत शिकल्या. एका वयाच्या सात-आठ जणांना एकत्र बसवायचे, एकच विषय धरायचा, आपण कमीत कमी बोलायचे आणि त्यांना आपसात बोलू द्यायचे. शहरात याला फोकस ग्रुप म्हणतात. ताई नुसते 'बैठक' म्हणत. गावांमध्ये त्याचे नाव पडले 'मॅडमजींची शेंगांची बैठक'. कारण ताई घरून तुरीच्या शेंगा उकडून आणत आणि सतरंजीच्या मधोमध परात ठेवत. तुरीचा हंगाम नसला तर भुईमुगाच्या. सोलायला हातात काही असले की माणूस खाली पाहतो, आणि खाली पाहणारा माणूस मोकळा बोलतो, हे त्यांनी वर्गात मुलांना पाहून ताडले होते. त्या स्वतः कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. गुडघे दुखू लागल्यावरही नाही.

आमचे युवा अभ्यास मंडळ तेव्हा सौंसरला एक वाचनालय चालवत होते आणि तरुणांसाठी आणखी काय करावे याचा विचार करत होते. दहा-बारा निवृत्त माणसे एकमेकांना विचारून तरुणांना काय हवे ते ठरवत असत. ताईंनी मंडळाला सुचवले, आपण त्यांनाच विचारू. बैठका त्या घेणार होत्या. नोंदी घेण्याचे काम माझ्याकडे आले. आयुष्यभर माईकसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला त्यांनी कोपऱ्यात, भिंतीला टेकून, तोंड बंद ठेवून बसवले.

रामाकोन्यातल्या पहिल्या दोन बैठका हिंदीत झाल्या. आमचे तालुके मध्य प्रदेशात मोडतात, म्हणून शाळा हिंदी आणि घर मराठी, त्यामुळे कोणी वही-पेन घेऊन बसले की मुले आपोआप हिंदीत जातात आणि वर्तमानपत्रासारखी बोलतात. "युवाओं को अवसर मिलना चाहिए," असे एकाने सांगितले आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. तिसऱ्या बैठकीला ताईंनी परात ठेवली आणि मुलांच्या घरच्या बोलीत सरळ विचारले, "काय मग, का चालू आहे?" सगळे हसले. मग एक पोरगा म्हणाला, "मॅडमजी, नागपूरले गेलो का आमच्या मराठीवर हसतात, छिंदवाड्याले गेलो का हिंदीवर हसतात. आमी कोणावर हसावं, ते सांगा." त्या दिवशी पहिल्यांदा माझी पानेच्या पाने भरली.

घरी जाऊन मी त्या नोंदी साफ केल्या. साफ म्हणजे काय, तर माझ्या भाषेत आणल्या. "आम्हाला भवितव्याची चिंता भेडसावते," असे वाक्य ताईंनी वाचले आणि विचारले, "हे कोण म्हणालं?" मी नाव सांगितले. "तो असं म्हणाला?" मी कच्ची वही उघडली. तिथे होते, "पुढं का कराव, काईच समजून नाई राहिलं." ताईंनी माझे वाक्य माझ्याच हातून कापले. "भाऊ, त्याला चिंता भेडसावत नाही. त्याला समजत नाही आहे. दोन्ही वेगळं आहे." मला राग आला होता, हे कबूल करतो. माझ्या वाक्यावर असा हात कोणी टाकला नव्हता.

बोरगावच्या एका बैठकीत मंडळाने घाईघाईत मुले जमवली. त्यात एका संत्र्याच्या बागवाल्याचा मुलगा होता, आणि त्याच बागेत कामाला जाणाऱ्या माणसाचाही होता. हा दुसरा मुलगा दीड तासात "हो, तसंच आहे" याच्या पलीकडे गेला नाही. नंतर ताईंनी विचारले, "त्याच्यापुढं काय लिहिलं?"

"काही बोललाच नाही तो."

"मग तेच लिहा. कोण बोलायला लागला की हा खाली पाहत होता, तेही लिहा."

पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याला वेगळ्या गटात बोलावले, तर त्याने कोणाला बोलू दिले नाही. तेव्हापासून मालकाच्या आणि मजुराच्या मुलांना, सख्ख्या-चुलत भावंडांना, मुलांना आणि मुलींना एका गटात बसवायचे नाही, असा मंडळाचा नियम झाला. माझ्यासारख्याने समतेवर शेकडो भाषणे दिली होती. एका सतरंजीवर बसवले की माणसे समान होतात असे मी समजत होतो.

वाचनालयाची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती कशी कळली हे सांगायला हवे. मुली वाचनालयात येत नव्हत्या. आम्ही स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणली, संगणक आणला, मुलींना वाचनाची गोडी नाही असे भाषण मी ठोकले. ताई मुलींच्या एकामागून एक बैठका घेत राहिल्या. चौथ्या बैठकीत, परात रिकामी होत आली असताना, एक मुलगी शेंगेकडे पाहत म्हणाली, "तिथल्या बाथरूमच्या दाराले आतून कडी नाई." बस, एवढेच. कडी बसवली. महिनाभरात मुलींसाठी वेगळे टेबल लावावे लागले.

अशा बैठकांचा ताईंनी घालून दिलेला एक रिवाज होता, आणि हा लेख त्या रिवाजासाठीच मी लिहितो आहे. बैठक संपली की उठायचे नाही. नोंद घेणाऱ्याने वहीतले सगळे वाचून दाखवायचे, आणि ज्याला आपले बोलणे राहू द्यायचे नसेल त्याने सांगायचे, 'हे खोडा.' कारण विचारायचे नाही. समजूत घालायची नाही. तिथल्या तिथे, त्याच्या डोळ्यांदेखत, ओळ खोडायची. ज्याचा शब्द, त्यालाच खोडायचा हक्क. दुसऱ्या कोणाला नाही, मंडळाच्या अध्यक्षांना नाही, खुद्द ताईंनाही नाही. आणि एकदा खोडलेले बोलणे झालेच नाही असे धरायचे.

आता मी जे सांगणार आहे ते या मंडळातल्या बहुतेकांना अर्धे माहीत आहे. उरलेले अर्धे मी सात वर्षे दडवून ठेवले. त्यातली एका मुलीची गोष्ट मी इथे पुन्हा लिहितो आहे ती कोणाच्या परवानगीने, तेही शेवटी सांगेन.

लोधीखेड्याच्या बाजूच्या एका गावात मुलींची बैठक होती. विषय होता, शिक्षण मधेच का सुटते. आठ मुली होत्या. त्यातली एक, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, शेंगा फार भरभर सोलत होती आणि खात मात्र नव्हती. लग्नाचा विषय निघाला, तेव्हा ती म्हणाली, "मले तीन डाव पाहाले आले. तिन्ही डाव मी चहा घेऊन लंगडत गेली."

क्षणभर कोणाला कळले नाही. मग हसण्याचा स्फोट झाला. शेजारची मुलगी तर परातीवरच वाकली. "काहून वं?" कोणीतरी विचारले.

"लंगडी पोरगी कोण करते? पाहुणे पोहे खाऊन चालले गेले." मग हसता हसता तिचा आवाज खाली आला. "आता बाबालेच वाटून राहिलं का माह्या पायात खोट आहे. नागपूरले दाखवून आणलं. बाबाले सांगताच नाई येत."

बैठक संपल्यावर मी वाचून दाखवले. त्या ओळीशी आलो आणि ती म्हणाली, "सर, ते लंगडायचं खोडा."

"खोडा, भाऊ," ताई म्हणाल्या.

मी खोडले. तिला दाखवले. तिने मान हलवली.

दोन महिन्यांनी पांढुर्ण्याला मुलींच्या शिक्षणावर माझे भाषण होते. सभागृह तुडुंब होते. मी बोलत होतो आणि मला जाणवत होते की आज काही जमत नाही. आकडे झाले, कायदे झाले, थोर स्त्रियांची नावे झाली, समोरची माणसे मात्र चुळबुळत होती. वक्त्याला हे असह्य असते. समोरचे हातून निसटताहेत असे दिसले की तो खिशात असेल नसेल ते सगळे काढतो. माझ्या खिशात ती ओळ होती. वहीतून मी ती खोडली होती, पण जिभेवरून खोडली नव्हती. मी म्हणालो, "आपल्याच सौंसर तालुक्यातली, कापसाच्या घरातली, बीएस्सी करणारी एक मुलगी..." आणि मी सगळे सांगितले. लंगडत आणलेला चहा सांगितला. पोहे खाऊन गेलेले पाहुणे सांगितले. नागपूरचा डॉक्टर सांगितला. लोक पोट धरून हसले आणि मग मी आवाज चढवला, "शिकण्यासाठी जिला लंगडावं लागतं, त्या मुलीचा पाय अधू नाही, अधू आहे हा समाज!" टाळ्या थांबेनात. इतक्या टाळ्या मला पूर्वी कधी मिळाल्या नव्हत्या. मी खाली उतरलो तो आनंदाने तरंगत.

मी नाव घेतले नव्हते. गाव घेतले नव्हते. यालाच मी गुप्तता समजत होतो. पायासाठी मुलीला नागपूरला नेणारा बाप एका गावात किती जण असतात, एवढा साधा हिशेब मला कळला नाही. कोणीतरी भाषण मोबाईलवर घेतले होते. आठवड्याच्या आत ते त्या घरात पोहोचले. मुलीचे कॉलेज बंद झाले, फोन काढून घेतला गेला, आणि जो पहिला पाहुणा होकार देईल त्याला हो म्हणायचे असे घरात ठरले.

मंडळाची तातडीची बैठक बसली. माझे भाषण सगळ्यांनी ऐकले होते, पण सगळ्यांनी असे धरले की बैठकांवरून ताई मंडळाला जो अहवाल देत, त्यात ही गोष्ट आली असणार आणि मी ती तिथून भोळेपणाने उचलली असणार. अध्यक्षांनी ताईंना विचारले, "मॅडम, अशी गोष्ट अहवालात जाऊ कशी दिली तुम्ही?"

ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिले. नुसते पाहिले. मग त्या म्हणाल्या, "खोलीतली गोष्ट बाहेर गेली. बैठक माझी होती, जबाबदारी माझी."

वाचकहो, ती कच्ची वही त्या वेळी माझ्या पिशवीत होती. माझ्या पायाशी. ती उघडून ते पान दाखवले असते, तर खोडलेली ओळ दिसली असती आणि ताई निर्दोष ठरल्या असत्या. एक वाक्य पुरे होते. अन्यायाविरुद्ध गप्प बसणारा अन्याय करणाऱ्याइतकाच दोषी असतो, हे मी किती गावांत गर्जून सांगितले असेल! त्या दिवशी मी पंख्याकडे पाहत बसलो. ताईंनी बैठकांचे काम सोडले. मंडळाने तसे लिहून घेतले. त्या कागदावर माझीही सही आहे. पुढे दीड वर्ष या भागातल्या आया म्हणत होत्या, "ते मॅडमजी पोरीच्या गोठी गावभर सांगते." आणि मी तेव्हाही भाषणे देत होतो.

ताई मात्र दर रविवारी लोधीखेड्याची बस धरून त्या गावाला जात राहिल्या. पहिल्या रविवारी त्यांना दारातून परत पाठवले गेले. दुसऱ्या रविवारी मुलीच्या आईने अंगणात बसू दिले. तिसऱ्या रविवारी त्यांनी मला सोबत घेतले. "माफी मागायची," बसमध्ये त्या म्हणाल्या. "भाषण करायचं नाही."

मुलीचे वडील खाटेवर बसले होते. मी उभ्या उभ्या सुरुवात केली, "माझ्या हातून जे घडलं, त्याबद्दल मी अंतःकरणापासून..."

"बसा सरजी," ते म्हणाले. "तुमचं बोलणं आमी ऐकलं आहे. पाहुण्यानं मोबाईलवर पाठवलं होतं."

मी बसलो.   ताईंनी वडिलांना एवढेच विचारले, "दादा, तुम्हाला काय वाटलं तेव्हा?"

मला वाटते, त्या माणसाला हे कोणी विचारलेच नव्हते. गावाने हसून घेतले होते, नातेवाइकांनी सल्ले दिले होते. ते म्हणाले, "मी पोरीले डॉक्टरकडे नेलं, मॅडमजी. डॉक्टर म्हणे, काईच नाई. मी म्हणो, पुन्हा पाहा. बाप आहो मी. अन् तिकडे पांढुर्ण्यात हॉलभर लोकं माह्यावर हसून राहिले. मीच एकला येडा निघालो." ते मुलीवर रागावले नव्हते, किंवा नुसते रागावले नव्हते. ती त्यांना खरे सांगू शकली नाही, हे त्यांना माझ्या तोंडून कळले, हॉलभर हसणाऱ्या लोकांच्या नंतर कळले. त्यांची माया मी टाळ्यांसाठी खर्च केली होती.

आतून आई तूर निवडता निवडता म्हणाली, "मले मालूम होतं. विहिरीवरून येतानी पोरगी नीट चाले. पाहुणे आले का लंगडे."

वडील वळले. "तुले मालूम होतं?"

"पाय माह्या पोरीचा. मले नाई समजन का?"

"मंग बोलली काहून नाई?"

"काहून बोलू?" ती म्हणाली. "मले त्या वयात असं सुचलं असतं, त..." आणि तिने वाक्य तिथेच सोडून सूप झटकले. वडील तिच्याकडे पाहत राहिले. मग कोण जाणे का, त्यांना हसू आले. फार थोडे, पण आले.

परतताना बसमध्ये मी ताईंना विचारले, "मंडळात तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तुम्ही बोलाल."

यापेक्षा कठोर शब्द त्यांनी मला आजवर ऐकवलेला नाही.

ताई आणखी कित्येक रविवार गेल्या. वडील शेवटी स्वतःच कॉलेजात चौकशीला गेले. तोवर परीक्षा होऊन गेली होती. मुलीचे एक वर्ष गेले ते गेले. ते कोणी भरून देऊ शकत नाही, आणि मी तर नाहीच. पुढे ती शिकली. आज काय करते, कुठे राहते, हे मी लिहीत नाही, आणि ते का, हे आता तरी मला कळते. बैठकाही पुन्हा सुरू झाल्या, त्या मंडळाने बोलावले म्हणून नव्हे. लोधीखेड्याच्या मुली स्वतः ताईंच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "मॅडमजी, शेंगा आमी आणतो."

एक वैयक्तिक आठवण सांगतो. हे सगळे घडून गेल्यावर दोन वर्षांनी माझी पत्नी गेली. भेटायला येणारे सगळे मला धीर देत होते. मी इतरांच्या शोकसभांत जी वाक्ये म्हणत आलो, तीच मला परत मिळत होती. ताई आल्या, भिंतीशी बसल्या, पाऊण तास काही बोलल्या नाहीत. मग विचारले, "वहिनींच्या हातचं तुम्हाला काय आवडायचं?" मी सांगू लागलो आणि अंधार पडेपर्यंत सांगत राहिलो. ज्यांचे काम माझ्या भ्याडपणामुळे सुटले होते, त्या माझे ऐकत बसल्या होत्या. ताईंच्या चांगुलपणाची मला सर्वांत जास्त लाज वाटली ती त्या संध्याकाळी.

म्हणून हा लेख लिहून झाल्यावर मी तो संपादकांकडे पाठवला नाही. ताईंच्या रिवाजाप्रमाणे वाचून दाखवायला निघालो.

आधी त्या मुलीकडे गेलो. तिने सगळे ऐकले. दोन वाक्ये खोडायला सांगितली. ती कोणती, हे अर्थातच सांगता येत नाही. तुम्ही वाचता आहात त्यात ती नाहीत, आणि या वेळी ती माझ्या जिभेवरही नाहीत. "लंगडायचं?" मी विचारले. "राहू द्या सर," ती म्हणाली. "आता ते मीच पोरींना सांगून राहिली. तुमच्यापेक्षा चांगलं सांगतो मी." मग म्हणाली, "पण बाबाले विचारा. ते त्यायचं बी आहे."

मग वडिलांकडे गेलो. ते थकले आहेत, पण वावरात जातात. मी वाचत होतो आणि ते मान खाली घालून ऐकत होते. माझ्या मसुद्यात होते, 'वडील तिला नागपूरला घेऊन गेले.' तिथे त्यांनी हात वर केला.

"किती डाव लिहिलं?"

"एकदा."

"तीन डाव नेलं होतं," ते म्हणाले. "तिसऱ्या डावाले दवाखान्याची लिफ्ट बंद होती. चार माळे मी तिले पाठीवर घेऊन चढलो. पोरगी म्हणे, बाबा मी चालतो, मी चालतो. मी म्हणो, गप बस, पाय दुखन." त्यांनी माझ्या कागदाकडे बोट केले. "हे लिहा. बाकी जे लिहाचं ते लिहा."

मी लिहिले. पांढुर्ण्याच्या त्या व्यासपीठावर मला याची कल्पना नव्हती. मुलगी बापाच्या पाठीवर होती आणि लाजेने अर्धमेली झाली होती, आणि मी त्या दोघांवर हॉल हसवला. बैठकीत मी आणखी दोन मिनिटे गप्प बसून ऐकले असते, तर कदाचित तेही तिने सांगितले असते.

शेवटी ताईंकडे गेलो. त्यांनी पहिल्या चार पानांतली माझी सगळी विशेषणे खोडायला लावली. म्हणून या गौरवलेखात गौरव कमी वाटला, तर तो ताईंचा दोष आहे. मग मंडळाच्या त्या बैठकीचा मजकूर आला.

"हे खोडा, भाऊ. जुनं झालं."

"ताई, हे तुमचं बोलणं नाही," मी म्हणालो. "हे माझं गप्प बसणं आहे. ज्याचं त्यालाच खोडायचा हक्क, असा तुमचाच नियम आहे."

त्यांनी शेंगेचा दाणा तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "बरं. राहू द्या."

तेव्हा मंडळाच्या सर्व सभासदांना, आणि ज्या आयांनी ताईंना दूषण दिले त्या सर्वांना, मी या पानावरून जाहीरपणे सांगतो: ती ओळ अहवालात नव्हती. ताईंनी ती त्याच दिवशी खोडायला लावली होती. ती चोरून बाहेर नेली मी, आणि नंतर गप्पही बसलो मी. ती वही मी ग्रंथाच्या संपादकांकडे सोपवली आहे. ओळ काळी करून टाकली आहे, वाचता येणार नाही, पण खोडल्याची खूण आणि शेजारची तारीख कोणालाही पाहता येईल. मंडळाच्या त्या कागदावरची माझी सही मी मागे घेतो.

ताईंच्या अमृतमहोत्सवात मी प्रमुख भाषण करावे, असा संयोजकांचा आग्रह होता. मी नकार कळवला आहे. त्या दिवशी रामाकोना, बोरगाव, लोधीखेड्याची मुले-मुली बोलणार आहेत. मी कोपऱ्यात भिंतीशी बसेन, त्यांच्या शब्दांत लिहीन आणि शेवटी वाचून दाखवीन.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. तुमचे कान आज आहेत तसेच तीक्ष्ण राहोत, आणि गुडघे एवढे चांगले राहोत की आणखी पुष्कळ वर्षे तुम्हाला सतरंजीवर बसता यावे आणि कोणाचा हात न धरता उठता यावे. आणि कधी हात धरावा लागलाच, तर भिंतीशी मी बसलेलो आहे.